एक्केचाळीस नंबरची म्हैस

दस्तगीरभाई, शुक्रवारी चाकणला तुमच्या मातीला आले होते. कबरस्तानाच्या भिंतीपाशी तुमच्या थोरल्या भावानं हात जोडले आणि सांगितलं, बाईमाणसानं आत यायचं नसतं. मी एका शब्दानं वाद घातला नाही. बाहेर बाभळीखाली उभी राहिले. भिंतीवरून माणसांच्या टोप्या तेवढ्या दिसत होत्या, त्या पाहत राहिले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "आज बाई लई गुणाच्या झाल्या, कुनाशी भांडल्या न्हाईत." कोणाशी भांडणार? ज्याच्याशी भांडायची सवय लागली होती त्याच्यावर आत माती लोटत होते.

नंतर तुमच्या घरी गेले. भाभी ओट्यावर बायकांत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी जागा करून दिली आणि हळूच म्हणाल्या, "बाई, तुमी येऊन भांडून गेला ना, की त्या रोजाला हे एक भाकरी जास्त खायाचे." मला आधी हसू आलं, मग जे रडू फुटलं ते आवरेना. शेवटी भाभींनीच मला पाणी आणून दिलं. दुःख कोणाचं आणि समजूत कोणाची काढायची, अशी सगळी उलटी तऱ्हा झाली.

काल शनिवारी आपल्या जनावरांच्या रोगांच्या संशोधन केंद्रात शोकसभा झाली. दोन मिनिटं उभे राहिलो. साहेब म्हणाले, "दस्तगीर आमचे जुने, इमानी सेवक होते." इमानी! याच केंद्रानं तुम्हाला बेइमानीचा मेमो दिला होता. गोठ्यांवरून काढून प्रयोगाच्या गिनीपिगांच्या खोलीत बसवलं होतं, तेही आयुष्याच्या शेवटापर्यंत. उठून बोलणार होते. पण त्या मेमोला जो जबाब जोडलेला आहे तो माझ्या सहीचा आहे, म्हणून गप्प बसले. सभेत जमलं नाही ते इथे लिहिते. इथे तुम्हाला मध्येच "पन बाई" म्हणता येणार नाही, तेवढी एक सोय आहे.

मी रुजू झाले त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं, "बाई, गाव कंचं?" मी म्हटलं, गुहागरकडचं. "मंग मासळी वळखत आसाल. म्हशींचं आमी बघू." काय राग आला होता मला! जनावरांची डॉक्टर मी, पदवी घेऊन आलेली, आणि चाकणच्या बाजारात गुरं विकणाऱ्या घरातला माणूस, केंद्रात साधा मदतनीस, मला म्हशी शिकवणार. महिन्याभरात माझा ताठा उतरला. मला खरंच सगळ्या म्हशी सारख्या दिसायच्या. काळा रंग, दोन शिंगं, एक शेपूट. तुम्ही मात्र जीपमधून जाताना रस्त्याकडेची म्हैस बघून सांगायचा, ही अमक्याची, तमक्या बाजारातनं आणलेली, तिसऱ्या वेताची.

आपलं काम सांगायला सोपं होतं. गाई-म्हशींना क्षय असतो का, असला तर तो दुधातून माणसांत येतो का, एवढंच शोधायचं. जनावराच्या मानेवरचे केस रुपयाएवढे भादरायचे, तिथली कातडीची घडी मापाच्या चिमट्यात धरून जाडी लिहायची, आणि ट्यूबरक्युलिन नावाच्या औषधाचा थेंब कातडीत टोचायचा. तिसऱ्या दिवशी जाऊन तीच घडी पुन्हा मोजायची. सूज आली तर लागण आहे. सपाट राहिली तर नाही.

पिंपरी-चिंचवडला तेव्हा रोज नवी माणसं उतरत होती. कोणी मराठवाड्यातून, कोणी सोलापुराकडून. कारखाने वाढले तशा वसाहती वाढल्या आणि वसाहतींच्या पाठोपाठ गोठे. घरी नेऊन उकळलेल्या दुधाची आपल्याला काळजी नव्हती, उकळीत जंतू मरतात. काळजी होती धारोष्ण दुधाची. पहाटे लोटा घेऊन गोठ्यावर जायचं आणि कासेतून निघालेलं गरम दूध तिथल्या तिथे प्यायचं. तालमीतले पैलवान, आजारातून उठलेली माणसं, अंग न धरणारी पोरं, सगळ्यांना तोच एक उतारा. कितीही समजावलं तरी लोक म्हणायचे, "आईचं दूध कोनी उकळून पितं का?"

आणि मालक तर कोणी दारात उभं करीना. जनावराच्या कानाला बिल्ला मारायचा म्हटलं की, "लक्षुमीच्या कानाला भोक पाडता व्हय?" मग आपण आपली पद्धत काढली. तुम्ही म्हशीसमोर उभं राहून तिचं वर्णन सांगायचं, शिंगं कशी, कपाळावर काय, शेपटीचा गोंडा कसा, आणि मी नंबर टाकून लिहून घ्यायचं. तिसऱ्या दिवशी तुम्ही एकेक म्हैस धरून नंबर पुकारायचा आणि मी मोजायचं. वहीत मालकाचं नाव नाही. कुठला नंबर कोणाच्या दावणीचा ते फक्त तुमच्या डोक्यात. कोणाची म्हैस दुखणाईत निघाली तर ते गावात फुटणार नाही, मालकाला तुम्ही गुपचूप सांगणार आणि तो तिचं दूध बंद करणार, असा वायदा होता. तो तुम्ही बाजारच्या रिवाजानं केला होता. गुरांच्या बाजारात सौदा करताना दोघं उपरण्याखाली हात घेतात, बोटं दाबून काय ते ठरवतात, बघणाऱ्याला काही कळत नाही. तसाच तुम्ही एकेका मालकाचा हात उपरण्याखाली घेतला. मी हसले होते, की विज्ञानाचा अभ्यास आणि उपरण्याखाली! तुम्ही म्हणालात, "बाई, तुमचं समदं कागदावर आसतं. हितं हातात आसतं."

दिघीला लष्कराच्या कुंपणाला लागून सोपानरावांचा गोठा होता. त्या बाजूचा सगळ्यात मोठा. सोपानरावांनी दार उघडलं तर बाकीचे उघडणार, नाहीतर अभ्यास तिथेच आटोपला, हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. आठ दिवस तुम्ही त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलात तेव्हा म्हातारा "व्हय" म्हणाला. आपण सगळ्या म्हशींना टोचून आलो. तिसऱ्या दिवशी तुम्ही पुकारत गेलात आणि मी मोजत गेले. "चाळीस." सपाट. "एक्केचाळीस." कपाळावर पांढरा ठिपका, मानेवर भादरलेली जागा. मी दोनदा मोजलं, सपाट. गोठाभर एकही सूज निघाली नाही. सोपानरावांनी गूळ वाटला आणि म्हणाले, "बाई, एवढं कागदावर लिवून द्या." मी केंद्राच्या कागदावर 'गोठा निर्दोष' असं लिहिलं आणि खाली झोकदार सही केली. असला कागद कोणाला द्यायचा नसतो, ही अक्कल मला तेव्हा नव्हती. कौतुकाची हाव होती. तुम्ही बादलीत हात धूत होता, तुम्ही एकदाही वर बघितलं नाहीत. ते मला आता आठवतं. तेव्हा दिसलंसुद्धा नव्हतं.

सोपानरावांनी तो कागद काच लावून गोठ्यात टांगला. 'डाक्टरबाईनं पास केलेला गोठा' म्हणून पहाटेची गर्दी वाढली. आणि दुसरी दारंही उघडली, एकामागून एक. पार तळेगाव दाभाड्यापर्यंत आपण पोचलो. काही गोठ्यांत सुजलेल्या माना निघाल्या, तुम्ही मालकांना बाजूला घेऊन सांगितलंत, त्यांनी दूध बंद केलं. मला वाटत होतं, आपण जग जिंकलं. जीपमध्ये मी मोठमोठ्यानं गायची आणि तुम्ही म्हणायचा, "बाई, गाडीच्या हार्नची गरज न्हाई आज."

मग ते हरीण मेलं. पिंपरीतल्या एका कंपनीनं फाटकाजवळच्या बागेत जाळी मारून एक चितळाची मादी ठेवली होती. पाडस असताना कोणा कामगारांना डोंगरात सापडली होती आणि बागेच्या माळ्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवली होती. शिफ्ट सुटली की माणसं जाळीशी थांबून तिला पाला द्यायची. ती खंगत गेली आणि एका सकाळी पडून राहिली. अवजारांच्या खोलीत पत्र्यावर ठेवून मी तिचं पोट उघडलं, तुम्ही पाय धरले होते. आतड्याजवळच्या गाठी लिंबाएवढ्या झालेल्या. सुरी लावली तर आत पिवळट, खडूसारखं भरड. फुप्फुसात मात्र थोडंच. म्हणजे रोग श्वासातून आलेला नव्हता, खाण्यापिण्यातून गेला होता. मी माळ्याला विचारलं, लहानपणी हिला दूध कुठलं पाजलंत?

"दिघीचं. सोपानरावांच्या गोठ्यातलं. रोज पहाटे सायकलीवर जायचो."

"उकळून पाजायचात?"

"धारोष्णच की. म्हनलं पोर हाय, अंग धरंल." आणि मग अगदी भाबडेपणानं म्हणाला, "गोठा तर तुमीच पास केलाय ना बाई?"

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही हरणाच्या खुराकडे बघत होता.

प्रयोगशाळेत गाठीतला ठिपका काचेवर घेऊन रंगवला, तर सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या काड्याच काड्या. क्षयाचे जंतू. पुढचे दोन दिवस मी स्वतःला खात होते. सुई खोल गेली असेल, औषध उन्हात तापलं असेल, चिमटा नीट धरला नसेल. माझ्या सहीच्या जोरावर किती जण तिथे लोटा घेऊन उभे राहत होते, ते मनात पुन्हा पुन्हा मोजत बसायची. तिसऱ्या दिवशी मी गिनीपिगांच्या खोलीत तुम्हाला गाठलं आणि म्हटलं, "दस्तगीरभाई, सोपानरावांकडं माझं माप चुकलं."

तुम्ही पाण्याची झारी खाली ठेवलीत. "तुमचं माप चुकलं न्हाई. म्हस दुसरी हुती."

"म्हणजे?"

"एक्केचाळीस. दुसऱ्या रोजी सांजच्याला मी जाऊन बघून आलतो. मानेला ही एवढी सूज. सोपानराव रडला वो बाई. म्हनला, पहिल्याच गोठ्यात निघालं तर समदी दारं बंद व्हतील, तुमचं आन माझंबी. मला पटलं ते. त्यानं भाच्याकडची तसल्याच ठिपक्याची म्हस आनली, मान भादरली, आन मी नंबर पुकारला."

"आणि खरी?"

"तिचं दूध कुनाला देनार न्हाई म्हनला. हातात हात घेऊन म्हनला."

"आणि तुम्ही मानलंत?"

"आमी बाजारात तेवढ्यावरच मानतो, बाई."

मी त्यानंतर काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एक आठवतं. मी म्हणाले, "शेवटी दलाल तो दलालच." तुम्ही झारी उचललीत आणि पिंजऱ्यांकडे वळलात. त्या एका वाक्याची माफी मागायची मी इतक्या वर्षांत किती वेळा ठरवली, आणि दर वेळी दुसरंच भांडण काढलं. आता मागते. मला माफ करा, दस्तगीरभाई. तुम्ही दलाल नव्हता, आणि असता तरी ते तोंडावर मारायचं काम नव्हतं.

मी दाराशी पोचले तेव्हा तुम्ही मागून म्हणालात, "सोपानरावाची नात हाय. मंगल." सहा-सात वर्षांची पोर, काही केल्या बाळसं धरीना म्हणून आजोबा रोज पहाटे तिला कपभर धारोष्ण दूध द्यायचे, ते गोठ्यातल्या सगळ्यात देखण्या म्हशीचं. तुम्ही म्हणालात, "काल वाटंनं जाताना गेलो हुतो. त्यानं एक्केचाळीसची धार परत चालू केलीया. त्याला वाटतं, सुई टोचल्यावर सुजनारच, त्यात रोग कसला." मी विचारलं, आता काय करायचं? तुम्ही म्हणालात, "मी जबान दिलीया." मी दार आपटून गेले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं दिघीला निघाले. मनाशी ठरवलं होतं की गोठ्यात उभं राहून ओरडायचं, काय व्हायचं ते होऊ दे. पोचले तर तुमची सायकल कुडाला टेकवलेली. चाकणहून तुम्ही माझ्या आधी आला होता. आत दहा-बारा माणसं लोटे घेऊन उभी होती. ठिपक्याच्या म्हशीची धार नुकतीच निघाली होती, मंगलच्या हातात कप होता, आणि तुम्ही तिच्यासमोर उकिडवे बसला होता.

"मंगल, कप खाली ठेव बाळा," तुम्ही म्हणत होता.

"दस्तगीर, सरक बाजूला," सोपानराव म्हणाले. "पोरीचं दूध निवतंय."

पोरीनं आजोबांकडे बघितलं, मग तुमच्याकडे. कप ओठाशी. वरचा फेस तिच्या नाकाला लागला होता. एवढी ठरवून आलेली मी, दारातल्या खांबाला धरून उभी राहिले. तुम्ही कपाला हात लावला नाहीत. उठलात आणि सोपानरावांसमोर उघडा तळहात धरलात.

"सोपानराव, हात उपरण्याखाली दिला हुता. आज उघड्यावर धरतो. जबान माघारी घेतो."

म्हाताऱ्यानं तो हात खाली दाबला. "चारचौघांत? दस्तगीर, झाकली मूठ हाय ती."

"चारचौघांतच." मग तुम्ही लोटेवाल्यांकडे वळलात. "ही म्हस बाईंनी तपासलेली न्हाई. तपासली ती दुसरी. मला म्हाईत हुतं, मीच नंबर पुकारला. हिला टीबी हाय. ज्यानं हिचं कच्चं दूध पिलं आसंल त्यानं दवाखान्यात जाऊन तपासून घ्या."

म्हैस शांतपणे रवंथ करत होती. मग आतून मंगलची आई आली, सासऱ्यासमोर कधी न येणारी, तिनं पोरीच्या हातातला कप घेतला आणि उकिरड्यावर ओतला. त्या घरात दूध असं कोणी कधी ओतलं नसेल. पोरीला कडेवर घेताना तिच्या गळ्याभोवतीचं फडकं सरकलं आणि मला दिसलं, कानाखाली दोन गाठी होत्या, वर काळा दोरा बांधलेला. "गंडमाळ म्हनत्यात," तिची आई मला म्हणाली, "गंडा बांधलाय." गंडमाळ म्हणजे गळ्याच्या गाठींचा क्षयच. तेव्हा कुठे मी खांब सोडला. मी म्हशीची कास चाचपली. एका सडाच्या वरचा भाग दगडासारखा कठीण होता. त्याचं दूध बाटलीत घेतलं. ते गिनीपिगांना टोचलं आणि सहा आठवड्यांनी त्यांनी उत्तर दिलं, तेच जंतू.

मंगल वाचली. आठवड्याला सुया असायच्या तेव्हा तिला सायकलीच्या पुढच्या दांडीवर बसवून तुम्हीच दवाखान्यात न्यायचा, सोपानराव तुमच्याशी बोलत नसतानाही. सोपानरावांनी ती म्हैस ना खाटकाला दिली ना बाजारात नेली. आपली पीडा दुसऱ्याच्या दारात नको म्हणून मागच्या छपरात वेगळी बांधली आणि मरेपर्यंत तिला वैरण घातली. माझा काचेतला कागद त्यांनी स्वतः उतरवून मला परत पाठवला.

पण त्या पहाटेनंतर एकाही गोठ्याचं दार आपल्याला उघडलं नाही. चाकणच्या बाजारात तर तुमच्या उपरण्याखाली कोणी हात घालीना. ज्यानं एकदा उघड्यावर हात धरला त्याच्याशी सौदा कोण करणार? तुमच्या भावांनी तुम्हाला किती दिवस वाळीत टाकल्यासारखं ठेवलं होतं, ते भाभींनी मला शुक्रवारी सांगितलं. तुम्ही कधी बोलला नाहीत.

केंद्रात चौकशी झाली. मी जबाब दिला. त्यात एक अक्षर खोटं नाही. नंबर चुकीचा पुकारला, जाणूनबुजून पुकारला, सगळं बरोबर लिहिलं. पहाटे गोठ्यात तुम्ही काय केलंत ते मात्र लिहिलं नाही. कोणी विचारलं नव्हतं, ही माझी सबब. माझ्या आधी तुम्ही तिथे पोचलात, मी खांबाला धरून उभी होते, हे सगळं लिहावं लागलं असतं ना. म्हणून टाळलं.

मग तुम्ही गिनीपिगांचे झालात. "ह्यांना नंबर नको बाई, समद्यांची तोंडं वळखतो मी," म्हणायचा. आणि जेवणाच्या सुट्टीत आपलं तेच भांडण, वर्षानुवर्षं. तुम्ही म्हणायचा, "एक गोठा उघडा पाडला आन चाळीस बंद झाले. त्या चाळीसात किती मंगल आसतील, मोजलं का कुनी?" मी म्हणायची, खोट्यावर उघडलेली दारं काय कामाची? तुम्ही म्हणायचा, "दार कशानंबी उघडंना, आत जायला मिळत हुतं न्हवं? तळेगावला किती म्हशींचं दूध बंद केलं आपन?" यावर मी नुसता आवाज चढवायची. तुम्ही नंबर खोटा पुकारला नसता तर अभ्यासच झाला नसता, आणि पुकारला म्हणून एक पोर मरणाच्या दारापर्यंत गेली. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकत्र कुठे ठेवायचं ते मला कळत नाही.

गेल्या रविवारी दवाखान्यात आले तेव्हा तुमचा पाय पार काळा पडला होता. साखरेनं तुम्हाला आतून पोखरलं होतं आणि तुम्ही मला विचारत होता की गिनीपिगांना लसूणघास वेळेवर मिळतो का. मी निघाले तेव्हा तुम्ही हात वर केलात. "बाई, आपला त्यो कागद छापला ना, इंग्रजीतला. त्यात सोपानरावाचा गोठा कसा लिवलाय?"

इतक्या वर्षांत तुम्ही आपल्या अभ्यासाच्या त्या छापील कागदाबद्दल कधी विचारलं नव्हतं. इंग्रजी येत नाही म्हणून विचारत नसाल, असं मी धरून चालले होते. मी उशी नीट केली, पाण्याचा पेला जवळ सरकवला आणि म्हटलं, "आता पडा. पुढच्या रविवारी सांगते." तुम्ही "बरं" म्हणालात आणि डोळे मिटलेत. तुमच्या चेहऱ्यावरून मला वाटलं की तुम्हाला कळलं.

काय झालं होतं ते सांगते. छापायला द्यायच्या आधी मी साहेबांना म्हटलं, एक्केचाळीस नंबर चुकीचा आहे, दुधाचा पुरावा आपल्याकडे आहे. ते म्हणाले, ते दूध अभ्यास संपल्यावर घेतलेलं, वहीत जे आहे तेच खरं. आणि एक म्हैस बदलली हे कबूल केलंस तर लोक विचारतील आणखी किती बदलल्या. सगळी वर्षं पाण्यात. त्या कागदावर माझी बढती अडली होती, दस्तगीरभाई. मी गप्प बसले. वर मनाची समजूत घातली की यात तुमचं नाव झाकलं जातंय, तुमच्याच भल्याचं आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, दुसरं काय! तुमचं नाव तर मेमोत आधीच आलं होतं. ज्या नंबरासाठी तुम्हाला शिक्षा झाली, त्याच नंबरासह माझा कागद छापला गेला, आणि पुण्याच्या सभेत लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही त्या दिवशी खोलीत माझ्यासाठी चहा करून ठेवला होता.

शुक्रवारी चाकणहून आले आणि ज्या संशोधन-पत्रिकेनं तो कागद छापला तिच्या संपादकांना पत्र लिहायला बसले. तीन वेळा फाडलं. एकदा 'मदतनिसानं' असं लिहिलं होतं, ते वाचून माझीच मला लाज वाटली. शेवटी तुमचं पूर्ण नाव लिहिलं. नंबर तुम्ही चुकीचा पुकारलात हे लिहिलं, आणि नुकसान सोसून चारचौघांत तुम्हीच तो सुधारलात हेही. आम्हाला छापण्याआधी सगळं ठाऊक होतं, हेही लिहिलं. साहेब उद्या काय म्हणतील ते म्हणोत, नोकरीचं व्हायचं ते होईल. आज दुपारी संत तुकाराम नगरच्या पेटीत पत्र टाकलं. टाकल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही. पत्र टाकायला सहा वर्षं लावली, आणि ज्याला वाचून दाखवायचं तो दोन दिवस आधी गेला.

आज रविवार आहे. सांगते म्हटलं होतं.

सोपानरावांचा गोठा त्या कागदात निर्दोष लिहिलाय, दस्तगीरभाई. मला माहीत होतं, आणि मीच लिहिला.